मिथाइल आयोडाइडचा बंध इतका कच्चा, मग ते उन्हात पाच दिवस टिकतं कसं?

चंद्रकोर:

नमस्कार मंडळी. मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते. सध्या हॅलोअल्केनचा, म्हणजे कार्बनला फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन किंवा आयोडीन जोडलेल्या संयुगांचा, धडा चालू आहे. पुस्तकात मिथाइल हॅलाइडांच्या बंध ऊर्जांचा तक्ता आहे: कार्बन-फ्लोरिन ४५२, कार्बन-क्लोरिन ३५१, कार्बन-ब्रोमिन २९३ आणि कार्बन-आयोडीन २३४ किलोज्यूल प्रति मोल. आयोडीनचा बंध सगळ्यांत कच्चा, प्रकाशाने चटकन तुटतो, म्हणून ही रसायनं तपकिरी बाटलीत ठेवायची, एवढं सांगून मी पुढे सरकणार होते.

तेवढ्यात एका विद्यार्थिनीने वहीत गणित मांडलं. एक मोल प्रकाशकणांची ऊर्जा किलोज्यूलमध्ये काढायची तर १,१९,६२७ ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं. उलट बाजूने गेलं तर २३४ किलोज्यूलला तरंगलांबी येते ५११ नॅनोमीटर. म्हणजे हिरवा प्रकाश. तिचं म्हणणं असं, की मग अतिनील किरणही नकोत, साधा दिवसाचा उजेड पुरे. मिथाइल आयोडाइड उघड्यावर आलं की काही मिनिटांत संपायला हवं.

मी घरी येऊन वाचत बसले, तर उलटंच चित्र. समुद्रातून हवेत येणारं मिथाइल आयोडाइड साधारण पाच दिवस टिकतं. त्याच्यात आणखी एक आयोडीन घातलं, म्हणजे डायआयोडोमिथेन केलं, की तेच आयुष्य पाचेक मिनिटांवर येतं. आणि आयोडीनची नुसती वाफ तर दुपारच्या उन्हात दहा सेकंदांच्या आसपास. आयोडीन-आयोडीन बंध १५१ किलोज्यूलचा आहे, मान्य. पण बंध दीडपट कच्चा आणि आयुष्य चाळीस हजार पटींनी कमी, हा हिशेब बंध ऊर्जेतून कसा निघणार?

दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, हा फरक नेमका कशामुळे. दोन, बंध तुटल्यावर त्या आयोडीनचं पुढे काय होतं. तिला उद्या-परवा नीट उत्तर द्यायचं आहे, तेव्हा सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

कोरडा_बर्फ:

ओझोनचा थर. २९० नॅनोमीटरच्या खालचा सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही, वरच शोषला जातो. मिथाइल आयोडाइडला तोडणारा प्रकाश नेमका तोच, म्हणून ते खाली टिकून राहतं.

चंद्रकोर:

धन्यवाद. पण माझी अडचण तिथेच आहे. अतिनील पोहोचत नसेल, हिरवा प्रकाश तर भरपूर पोहोचतो ना? आणि गणितानुसार तो पुरेसा आहे. तो का तोडत नाही?

प्रयोगवही:

चंद्रकोरताई, तुमच्या विद्यार्थिनीचं गणित अगदी बरोबर आहे. कोरडा_बर्फ यांचं उत्तरही बरोबर आहे, फक्त अर्ध्या वाटेवर थांबलंय. मी हवेच्या नमुन्यांतले हॅलोजनयुक्त वायू मोजण्याचं काम करते. मिथाइल आयोडाइड आणि त्याची भावंडं रोज माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. जरा लांबण लावते.

५११ नॅनोमीटर ही फक्त सीमा आहे: यापेक्षा कमी ऊर्जेच्या प्रकाशकणाने बंध तुटणं शक्यच नाही. त्याहून जास्त ऊर्जेच्या प्रत्येक प्रकाशकणाने तो तुटेलच, असं ती सीमा सांगत नाही. रेणूने आधी तो प्रकाशकण शोषायला हवा. दारावरून दिवसभर माणसं गेली तरी कडी वाजल्याशिवाय कुणी दार उघडायला उठत नाही. शोषलेलाच प्रकाश रासायनिक बदल घडवतो, हा ग्रोटहस आणि ड्रेपर यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रकाशरसायनाचा पहिला नियम. वर्गात तो एका ओळीत उरकला जातो आणि मग असे प्रश्न अडतात.

आता मिथाइल आयोडाइड हिरवा प्रकाश का शोषत नाही? आयोडीनवर इलेक्ट्रॉनांच्या एकाकी जोड्या असतात. प्रकाश त्यांतला एक इलेक्ट्रॉन उचलून कार्बन आणि आयोडीनमधल्या बंधविरोधी कक्षकात टाकतो. तो तिथे पोहोचला की दोन्ही अणू एकमेकांना ढकलू लागतात आणि रेणू दुभंगतो. पण ही उडी फार झटपट होते. इलेक्ट्रॉन हलतो तेव्हा जड अणूंना जागचं हलायला वेळच मिळत नाही. म्हणजे बंधाची लांबी नेहमीचीच असताना ही ऊर्जेची वरची पायरी चढावी लागते, आणि त्या लांबीवर ती पायरी खूप उंच असते. मिथाइल आयोडाइडमध्ये ती सर्वांत चांगली गाठली जाते २६० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे ४६० किलोज्यूल. बंध तुटायला लागतात २३४, पण तुटण्याच्या दारात उभं राहायलाच त्याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा लागते.

उरलेली ऊर्जा वाया जात नाही. तुकडे जोरात विरुद्ध दिशांना फेकले जातात, आणि पुष्कळदा आयोडीनचा अणू स्वतःच उत्तेजित अवस्थेत बाहेर पडतो. त्या अवस्थेत ९१ किलोज्यूल अडकलेले असतात आणि तो अणू १,३१५ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देऊन शांत होतो. १९६४ मध्ये कॅस्पर आणि पिमेंटेल यांनी याच गोष्टीवर लेसर उभा केला: आयोडीनच्या अशा संयुगांवर प्रखर प्रकाशाचा झोत टाकायचा आणि सुटणाऱ्या उत्तेजित अणूंकडून लेसर मिळवायचा. रेणू फोडून मिळवलेला तो पहिला लेसर. मुलांना हे सांगा, त्यांना आवडेल. आणि तुटायला लागतो तरी किती वेळ? आयोडीन सायनाइडचा रेणू तुटताना रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैल यांच्या गटाने प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा सारा खेळ साधारण २०० फेमटोसेकंदांत आटोपला होता (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). त्या प्रकारच्या कामाला १९९९ चं नोबेल मिळालं. म्हणजे पाच दिवस जातात ते योग्य प्रकाशकण शोषला जाण्याची वाट बघण्यात. तुटणं क्षणाचंही नसतं.

आता ओझोनकडे येते. मिथाइल आयोडाइडचं शोषण २६० ला शिखरावर असतं आणि ३०० च्या पुढे झपाट्याने घसरतं. सूर्यप्रकाश जमिनीवर सुरू होतो तोच २९० ते ३०० च्या दरम्यान, आणि तिथे तोही अगदी पातळ असतो. म्हणजे एका बाजूने शोषणाची शेपटी संपत आलेली आणि दुसऱ्या बाजूने प्रकाश नुकता सुरू झालेला. ही दोन टोकं जेवढी एकमेकांवर चढतात तेवढंच मिथाइल आयोडाइडचं नशीब. ते चढणं फार थोडं आहे, म्हणून पाच दिवस.

डायआयोडोमिथेनमध्ये एकाच कार्बनवर दोन आयोडीन शेजारी बसतात. त्यांचे कक्षक एकमेकांत मिसळतात, पायऱ्या फाकतात आणि सर्वांत खालची पायरी आणखी खाली येते. शोषण ३०० च्या आसपास जोरदार होतं आणि ३५० च्या पुढेही रेंगाळतं. तिथे सूर्यप्रकाश भरपूर असतो. त्याचा बंध मिथाइल आयोडाइडपेक्षा फार काही कच्चा नाही, पण शोषण पन्नासेक नॅनोमीटर सरकलं आणि पाच दिवसांची पाच मिनिटं झाली. आयोडीनच्या रेणूत तर शोषण थेट दृश्य प्रकाशात, ५२०-५३० च्या आसपास येतं. सूर्यप्रकाशाचा सर्वांत भरलेला भाग तोच.

हे डोळ्यांनी दिसतं. ताजं शुद्ध मिथाइल आयोडाइड रंगहीन असतं. डायआयोडोमिथेनला फिकट पिवळी झाक असते. तीन आयोडीनचं आयोडोफॉर्म हळदीसारखं पिवळं. आयोडीनची वाफ जांभळी, कारण तिने हिरवा-पिवळा प्रकाश गिळलेला असतो. रंग जितका गडद तितका तो रेणू जमिनीवरच्या उजेडात अधिक दिसतो. कुठल्याही पदार्थाला हा नियम लावू नका, रंगीत म्हणजे तुटणारच असं नाही. पण या कुटुंबापुरता तो छान चालतो.

तुमच्या तक्त्यातली कार्बन-क्लोरिनची ओळही याच डोळ्यांनी बघा. ३५१ किलोज्यूल म्हणजे साधारण ३४१ नॅनोमीटर. त्या तरंगलांबीचा प्रकाश जमिनीवर आहे. बंध ऊर्जेच्या हिशेबाने क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी, ओझोन थराला भोकं पाडणारे वायू) इथेच तुटायला हवे होते. ते शोषतात मात्र २२० च्या खाली. तसा प्रकाश मिळायला स्थितांबरात, वीस किलोमीटरच्या वर जावं लागतं, म्हणून सीएफसी-१२ सारखा वायू शंभरेक वर्षं टिकतो आणि नेमका ओझोन थरात जाऊन फुटतो. आयोडीनच्या रेणूचे दहा सेकंद आणि सीएफसीची शंभर वर्षं, दोन्हींमागे एकच कारण आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रात्री लिहिते.

चंद्रकोर:

हे फारच सुंदर समजावलंत. पुस्तकातला तक्ता आणि हवेतलं आयुष्य यांच्या मधली कडीच सापडत नव्हती मला. एक शंका मात्र राहिली. बाटलीतलं मिथाइल आयोडाइड तरीही तपकिरी होतंच ना? तिथे तर काचेतून अतिनील आणखी कमी आत येतं.

प्रयोगवही:

होतं. आमच्याकडे ते गडद बाटलीत, फ्रीजमध्ये असतं आणि बाटलीच्या तळाशी तांब्याच्या तारेचा एक तुकडा पडलेला असतो. तो चुकून पडलेला नाही, विकतच तसं येतं. प्रकाशाने थोडे जरी रेणू तुटले तरी सुटलेल्या आयोडीन अणूंच्या जोड्या जमून आयोडीन तयार होतं, आणि आयोडीनचा रंग इतका तीव्र की लाखात काही रेणू तुटले तरी डोळ्याला दिसतो. तांबं ते आयोडीन ओढून घेतं आणि त्याचं क्युप्रस आयोडाइड होतं. जुन्या बाटलीत त्या तारेवर मळकट पांढरा थर चढलेला दिसतो. काही जण तांब्याऐवजी चांदी घालतात.

नव्याने कामाला लागलेल्यांना मी एक गोष्ट आवर्जून दाखवते. डायआयोडोमिथेनच्या दोन कुप्या, एक ॲल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळलेली, दुसरी उघडी, दोन्ही घट्ट बंद करून, वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या धुराड्याखाली, खिडकीच्या उजेडात ठेवायच्या. उघडी कुपी आधी गडद पिवळी होते, मग चहाच्या रंगाकडे झुकते. पन्नी सोडली की आतली जशीच्या तशी. हे पाहिल्यावर नमुन्याची नळी झाकायला कुणाला पुन्हा सांगावं लागत नाही. पण कृपा करून शाळेत किंवा घरी हे करू नका. ही द्रव्यं विषारी आहेत. मिथाइल आयोडाइड तर शरीरातल्या रेणूंना थेट मिथाइल गट चिकटवतं आणि त्याची वाफ सहज नाकात जाते.

बाटलीत आणि हवेत एक मोठा फरक आहे, आणि तोच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं दार आहे. द्रवात सुटलेल्या तुकड्यांना आजूबाजूचे रेणू दाटीने घेरतात. कित्येकदा दोघे तिथल्या तिथे पुन्हा जुळतात, जे सुटतात त्यांना दुसरा आयोडीन अणू भेटतो. हवेत तसं होत नाही. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत लाख कोटी रेणूंमागे ओझोनचे तीसेक हजार रेणू असतात. आयोडीनचा सुटा अणू एखादाही जेमतेम. त्यामुळे सुटलेल्या अणूला त्याचा जोडीदार भेटण्याआधी ओझोन भेटतो, आणि तेही साधारण एका सेकंदात. ओझोनचा एक ऑक्सिजन अणू हिसकावून तो आयोडीन मोनॉक्साइड होतो.

पुन्हा सूर्य. आयोडीन मोनॉक्साइड निळा-जांभळा प्रकाश शोषतं आणि काही सेकंदांत तुटतं. सुटलेला ऑक्सिजन अणू हवेतल्या ऑक्सिजनला जोडून पुन्हा ओझोन होतो. म्हणजे गेला तो ओझोन परत आला, हिशेब शून्य. दिवसभर आयोडीनचा बराचसा वेळ या येरझाऱ्यांत जातो.

पण प्रत्येक वेळी असं होत नाही. आयोडीन मोनॉक्साइडला सूर्याआधी हायड्रोपेरॉक्सी मुक्तमूलक (हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजनचा, एकटा इलेक्ट्रॉन असलेला चपळ तुकडा) गाठ पडलं तर हायपोआयोडस आम्ल बनतं. तेही उन्हात काही मिनिटांत तुटतं, पण तुटताना आयोडीन आणि हायड्रॉक्सिल असे दोन तुकडे देतं, ऑक्सिजनचा सुटा अणू देत नाही. या वाटेने गेलेला ओझोन परत येत नाही आणि आयोडीन मात्र पुन्हा मोकळं, पुढच्या ओझोनला तयार. हाच रेणू समुद्री मिठाच्या थेंबावर बसला तर तिथल्या क्लोराइड-ब्रोमाइडला घेऊन पुन्हा हवेत येतो, आणि आयोडीन क्लोराइडसारखी ती संयुगंही उजेडात लगेच फुटतात. २००८ मध्ये अटलांटिकमधल्या केप व्हर्दे बेटांवरच्या मोजमापांतून दिसलं, की आयोडीन आणि ब्रोमिन धरल्याशिवाय तिथल्या ओझोनच्या घटीचा हिशेब लागतच नाही.

तेव्हा ‘सूर्यप्रकाश आयोडीनची संयुगं नष्ट करतो’ हे वाक्य मला कधीच पटलं नाही. सूर्यप्रकाश आयोडीनला कामाला लावतो, आणि ते थांबू लागलं की पुन्हा मोकळं करतो.

क्लोरिन असं का नाही करत? इथे मात्र तुमच्या बंध ऊर्जाच उत्तर देतात. क्लोरिनचा अणू मिथेनकडून हायड्रोजन काढून घेतो आणि हायड्रोजन क्लोराइड होऊन स्वस्थ बसतो. मिथेनमधला बंध ४३९ चा, हायड्रोजन-क्लोरिनचा ४३१ चा, जवळपास बरोबरीचा सौदा. हायड्रोजन-आयोडीनचा बंध फक्त २९८ चा. मिथेनकडून हायड्रोजन घेणं आयोडीनला परवडतच नाही, त्यामुळे त्याला विसाव्याची ती जागा मिळत नाही. विद्यार्थिनीला हे जरूर दाखवा. प्रकाशाने तुटण्याचा हिशेब तक्त्यातून निघाला नाही, पण नंतरचा निघाला.

लाटांच्याकाठी:

वाचनखूण साठवली. प्रयोगवहीताईंच्या लिखाणात थोडी भर घालतो. माझं वाचन समुद्रशैवालांच्या बाजूचं आहे.

आयोडीनचा शोधच शैवालाच्या राखेत लागला, १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा यांना. थंड समुद्रातलं लॅमिनारिया डिजिटाटा हे तपकिरी शैवाल समुद्राच्या पाण्यातलं आयोडाइड प्रचंड प्रमाणात साठवतं. का साठवतं याचं समाधानकारक उत्तर २००८ मध्ये मिळालं: ओहोटीला शैवाल उघडं पडलं की त्याला ओझोन आणि इतर ऑक्सिडीकारकांचा मारा सोसावा लागतो, आणि पेशींबाहेरचं आयोडाइड तो मारा स्वतःवर घेतं. त्यातून आयोडीनची वाफ हवेत सुटते.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेस हेड नावाचं निरीक्षण केंद्र आहे. समुद्रावरच्या हवेत आयोडीन मोनॉक्साइड पहिल्यांदा तिथेच पकडलं गेलं, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, हवेतून लांबवर प्रकाशाचा झोत पाठवून. तिथे ओहोटी भरदिवसा आली की हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची संख्या एकाएकी उसळते. दोन गोष्टी जुळाव्या लागतात, उघडं शैवाल आणि ऊन. रात्रीच्या ओहोटीलाही शैवाल उघडं पडतंच, वाफही सुटते, पण तशी उसळी येत नाही. आयोडीनचं हे प्रकरण उन्हावर किती अवलंबून आहे हे यापेक्षा स्पष्टपणे कुठे दिसत नसेल.

त्या कणांबद्दल ताईंनी लिहावं.

प्रयोगवही:

उत्तम भर. पूर्वी सारं श्रेय शैवालांना आणि सेंद्रिय आयोडाइडांना जायचं. जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ मध्ये शॅकलटन जहाजावरून अटलांटिक ओलांडताना, स्वतः तयार केलेला इलेक्ट्रॉन-ग्रहण शोधक घेऊन, समुद्रावरच्या हवेत मिथाइल आयोडाइड मोजलं. समुद्राकडून जमिनीकडे आयोडीन नेणारा हाच वाहक, असं बराच काळ धरलं गेलं. आता चित्र बदललंय. खुल्या समुद्रावर मोठा वाटा वेगळ्याच वाटेने येतो: हवेतला ओझोन पाण्याच्या पृष्ठभागावर उतरतो, पाण्यातल्या आयोडाइडशी त्याची क्रिया होते, आणि हायपोआयोडस आम्ल व थोडं आयोडीन वर सुटतं. प्रयोगशाळेत हे चोख मोजून २०१३ मध्ये मांडलं गेलं.

यात गंमत अशी, की माणसाने हवेत ओझोन वाढवला तर समुद्रातून आयोडीनही जास्त सुटतं आणि ते पुन्हा ओझोन खातं. ग्रीनलंडच्या बर्फाच्या गाभ्यात १९५० ते २०१० दरम्यान आयोडीन जवळपास तिप्पट झालेलं सापडलं. वाढलेला ओझोन आणि विरळ होत चाललेलं समुद्री बर्फ ही त्याची कारणं सांगितली जातात.

कणांबद्दल. आयोडीन मोनॉक्साइड दाट झालं की त्याचेच रेणू एकमेकांना भेटू लागतात, मोठी ऑक्साइडं बनतात, आयोडिक आम्ल बनतं, आणि त्यांचे पुंजके जमून कण होतात. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या क्लाउड नावाच्या प्रयोग-कक्षात २०२१ मध्ये दाखवलं गेलं, की आयोडिक आम्ल यात फारच तत्पर आहे. या वाटेने आयोडीन शेवटी फेऱ्यातून बाहेर पडतं आणि पावसाबरोबर खाली येतं.

जिज्ञासू:

जरा वेगळी शंका. अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन-१३१ बाहेर पडतं. मग सूर्यप्रकाशाने तेही लवकर तुटून धोका कमी होतो का?

कोरडा_बर्फ:

नाही. सूर्यप्रकाश दोन अणूंमधला बंध तोडतो, अणुकेंद्राला तो हातही लावू शकत नाही. आयोडीन-१३१ चा अर्धायुष्यकाल ८ दिवसांचा. ते वाफेत असो, कणात असो की मिथाइल आयोडाइडमध्ये, तो तेवढाच राहतो.

प्रयोगवही:

अगदी बरोबर. बदलतं ते एवढंच, की आयोडीन कोणत्या रूपात वाऱ्याबरोबर जातं, आणि तेही महत्त्वाचं आहे. आयोडीनची वाफ उन्हात सेकंदांत फुटते, तिची ऑक्साइडं होतात आणि ती हवेतल्या कणांना चिकटतात. कण गाळणीत अडकतात, पावसाने खाली येतात. मिथाइल आयोडाइड मात्र पाच दिवस वायूच राहतं, पाण्यात फारसं विरघळत नाही आणि साध्या कोळशालाही नीट धरत नाही, दमट हवेत तर नाहीच. म्हणून अणुऊर्जा केंद्रांतल्या गाळण्यांमधल्या कोळशावर पोटॅशियम आयोडाइड किंवा विशिष्ट अमाइनचा लेप दिलेला असतो.

चंद्रकोर:

सगळ्यांचे मनापासून आभार. मी फळ्यासाठी एक तक्ता केलाय, जरा तपासून द्याल का? रेणू, शोषण कुठवर, हवेतलं आयुष्य. मिथाइल आयोडाइड: बहुतेक अतिनील, पाच दिवस. क्लोरोआयोडोमिथेन: थोडं पुढे, काही तास. डायआयोडोमिथेन: ३५० च्या पुढे, पाच मिनिटं. आयोडीन: दृश्य प्रकाश, दहा सेकंद. आणि ढगाळ दिवशी किंवा सकाळी हे आकडे किती बदलतील, असं कुणी विचारलं तर?

प्रयोगवही:

तक्ता छान आहे. फक्त एक टीप जोडा, नाहीतर तीच विद्यार्थिनी पुन्हा हात वर करेल. पाच दिवस ही चोवीस तासांची सरासरी आहे, रात्रीचे तास त्यात धरलेले आहेत, आणि अक्षांश व ऋतूप्रमाणे ती बदलते. हिवाळ्यात उत्तरेकडे तर ती कितीतरी लांबते. पाच मिनिटं आणि दहा सेकंद हे भर दुपारचे आकडे. रात्री डायआयोडोमिथेन उजेडाने तुटतच नाही, त्यामुळे त्याला सरासरी लावण्यात अर्थ नाही. आयोडीनच्या वाफेला रात्रीही नायट्रेट मुक्तमूलक भेटतं आणि तिचा काही भाग तसाच संपतो, पण तो सावकाश.

सकाळचं सांगायचं तर, सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश ओझोनमधून तिरका, फार लांबचं अंतर कापून येतो. त्यामुळे ३०० ते ३२० नॅनोमीटरचा भाग सर्वांत आधी गळतो आणि सर्वांत उशिरा भरतो. दृश्य प्रकाशाचं तसं नाही. म्हणून पहाटे तांबडं फुटलं की आयोडीनची वाफ लगेच तुटू लागते, डायआयोडोमिथेन त्यानंतर, आणि मिथाइल आयोडाइडचं खरं काम दुपारच्या चार-पाच तासांतच उरकतं. ढगांनी सगळंच कमी होतं, पण दाट ढगाखालीही आयोडीनच्या वाफेचं आयुष्य फार तर मिनिटाच्या घरात जाईल. तक्त्यात आणखी एक स्तंभ वाढवा: सूर्योदयानंतर कोण आधी. उत्तर त्यांनाच काढू द्या, शोषणाच्या स्तंभावरून ते निघतं.